लागलं का?

९ जानेवारी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. विसरलो नाही, मुद्दाम गाळलं. चार वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम तुझं पत्र येतं, तेही माझ्या भल्याचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तुझं पत्र तीनदा फुंकून वाचलं.

पत्रात काय आहे ते मीच परत लिहितो, म्हणजे उद्या ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय नको. तुझ्या गावात एक संगीतशाळा आहे. तिच्याकडे अकरा पियानो आहेत, शिवाय सभागृहातला एक मोठा. ते लावायला आणि वर्षभर सुरात ठेवायला त्यांना कायमचा माणूस हवाय. तू माझं नाव सुचवलंस, त्यांनी मान्य केलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी हो की नाही ते कळवायचं. बरोबर?

आता माझा प्रश्न. हे काम तू स्वतः का करत नाहीस?

बाबा म्हणायचे, मोठ्याचा कान आणि धाकट्याचा हात. दोघं मिळून एक कारागीर. तू त्याच गावात राहतोस, शाळा तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि तू एका सुतारकामाच्या कारखान्यात दरवाजे करतोस. तारेतला केसभर फरक ज्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळायचा, तो माणूस दिवसभर करवतीच्या मशीनशेजारी उभा राहतो आणि बारा पियानो उचलून धाकट्या भावाला देतो. एवढं चांगलं कुणी नसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

दुकानाचं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खरं आहे. आता लोक पियानो लावून घ्यायला येत नाहीत, विकायला येतात. गेल्या दोन महिन्यांत मला तीन घरांतून बोलावणं आलं. त्यातल्या एका घरी पियानोवर कुंड्या मांडल्या होत्या आणि आतून वास का येतो एवढंच त्यांना बघून हवं होतं. उंदीर निघाला. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता मेलेले उंदीर काढतो. मार्चपर्यंत असंच चाललं तर शटर ओढायचं आणि मी मेहुण्याच्या गोदामात खोकी रचायला जायचं, असं हिनं आणि तिच्या भावानं ठरवूनसुद्धा टाकलंय. मला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

म्हणजे काम मला हवंय. ते तुला माहीत आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते. गळ टाकणारा भुकेला मासाच बघतो.

त्या दिवसाबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मग मीच लिहितो. चर्चच्या सभागृहात, गायनमंडळाच्या तीस माणसांसमोर मी तुझ्या थोबाडीत मारली. नाकारत नाही. पण मारल्यावर मी तुला एक प्रश्न विचारला होता. साधा, दोन शब्दांचा. त्याचं उत्तर न देता तू सावकाश मान वळवलीस आणि दुसरा गाल माझ्यापुढे धरलास. पाळक बघत होते, बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. पुढच्याच रविवारी प्रवचनात ‘आपल्यातल्याच एका भावानं’ म्हणून तुझा दाखला आला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यानंतर मी चर्चची पायरी चढलेलो नाही. दुष्टाला अडवू नका, मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करा, हे आपण दोघं एकाच बाकावर बसून शिकलो. पण त्या शिकवणीनं इतका सणसणीत फटका मारता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

हे काम तू का करत नाहीस, त्या प्रश्नाचं उत्तर दे. पाल्हाळ नको.

धाकटा


२३ जानेवारी

दादा,

पाल्हाळ नको म्हटलं तर तू चार ओळी पाठवल्यास. त्या अशा: ‘बारक्या, पियानो चांगले आहेत. इथली हवा कोरडी आहे, तारा टिकतील. शाळेची माणसं सरळ आहेत. मला दरवाजे आवडतात.’

मला दरवाजे आवडतात! अरे, तुला घरातला दरवाजा नीट लावता येत नव्हता, बाबा ओरडायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय गेली नाही.

आणि सोबत पुडकं. हिनं ते टेबलावर ठेवलं तर मी आधी लांबूनच बघितलं. ही म्हणाली, ‘भावानं पाठवलंय, बॉम्ब नाहीये तो.’ उघडलं तर आत लाल फेल्टच्या पाचरी, तारांच्या मधे खोचून नको ती तार गप्प करायच्या. तू हातानं कापलेल्या, कडा घासलेल्या. असं जाड फेल्ट आता कुठे मिळत नाही हे मलाही माहीत आहे. ही म्हणाली, ‘किती जीव लावून केलंय.’ मी मोजल्या. दहा. बरोबर दहा.

दहाच का, दादा? टोमणा मला कळतो. तुलाही माहीत आहे आणि मलाही, की माझ्या पेटीत त्या दिवसापासून नऊ आहेत. हिला मी काही सांगितलं नाही.

मग मी एक गोष्ट केली ती ऐकून तू हसशील. मी पाळकांकडे गेलो. चर्चमध्ये नाही, त्यांच्या घरी, मागच्या दारानं. ते बागेत पाइप धरून उभे होते. मी म्हटलं, ‘साहेब, एका वचनाचा अर्थ विचारायचाय. शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल, त्यानं तुझ्या हातून त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातील, असं काहीतरी आहे ना?’

‘आहे.’

‘मग हा सूडच झाला की. फक्त ताटात वाढलेला.’

पाळक जरा वेळ झाडांना पाणी घालत राहिले. मग म्हणाले, ‘खरं सांगू का? ते निखारे मलाही नीट पचलेले नाहीत. कुणी म्हणतं ती लाज, कुणी म्हणतं पश्चात्ताप. प्रवचनात मी ती ओळ जरा भरभर वाचतो.’ एवढं खरं बोलणारा पाळक मी पहिल्यांदाच बघितला. मग त्यांनी विचारलं, ‘तुझ्या डोक्याला चटका बसतोय का?’

‘बसतोय.’

‘भाऊ देतोय, की तुझं तुलाच लागतंय?’

मी पाणी घातल्याबद्दल झाडांचे आभार मानून निघालो. खरंच तसं म्हणालो, इतका गोंधळलो होतो.

तुझ्यावर विश्वास का बसत नाही ते सांगतो. तू लहानपणापासून खोटारडा आहेस. चांगल्या कामासाठी खोटं बोलणारा, तो जास्त वाईट. आठवतं, दुकानात पियानोचं झाकण माझ्या हातून सुटून तुझ्या पायावर पडलं होतं? मी नऊ वर्षांचा. मी विचारलं, ‘दादा, लागलं का?’ तू म्हणालास, ‘छे, नाही लागलं.’ आठ दिवसांनी तुझ्या अंगठ्याचं नख काळं होऊन गळून पडलं. सायकलवरून तुला मी पाडलं, तेव्हाही ‘नाही लागलं’. मी दगड भिरकावला, कपाळावर टेंगूळ, तरी ‘नाही लागलं’. बाबा खुंटी पिळताना विचारायचे, ‘लागला?’ आणि सूर लागला नसेल तर तू ठणकावून सांगायचास, ‘नाही लागला, बाबा.’ तारेच्या बाबतीत कधी खोटं बोलला नाहीस. स्वतःच्या बाबतीत एकदाही खरं बोलला नाहीस.

आणि त्या थपडेनंतर तीन महिने अबोल्यात काढून तू दुकान, गिऱ्हाइकांची वही, बाबांचा नादकाटा, सगळं बाकावर ठेवून निघून गेलास. भांडला नाहीस. अर्धा वाटा मागितला नाहीस. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं: मोठा साधू आणि धाकट्यानं त्याला हाकललं. मी तुला ‘जा’ म्हणालो होतो का? सांग, म्हणालो होतो?

तू स्वतः का करत नाहीस?

धाकटा


११ फेब्रुवारी

दादा,

या वेळी उत्तरच नाही. म्हणजे दहा पाचरींचं मी जे लिहिलं ते तुला झोंबलं, किंवा मी स्वतःहून बोलण्याची तू वाट बघतोयस. वाट बघणंही एक पद्धत असते. तू तारेसमोर तसाच बसायचास, ती थकून खरं सांगेपर्यंत.

ठीक आहे. खाई त्याला खवखवे. लिहून टाकतो.

त्या दिवशी पियानो मी एकट्यानं लावला होता. बाबा गेल्यानंतरचं माझं पहिलं स्वतंत्र काम. तू मागच्या रांगेत बसून ऐकायचं, मधे बोलायचं नाही, असं ठरलं होतं. गाणं सुरू झालं आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की ठक्क आवाज यायला लागला, जणू कुणी लाकडावर टिचकी मारतंय. वाजवणाऱ्या बाई थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले, मला काही सुचेना. मग तू उठलास. मागून पुढे आलास, झाकण उचललंस, आत हात घातलास, काहीतरी काढून मुठीत धरलंस आणि खिशात टाकलंस. मग ती पट्टी दाबलीस. सूर खणखणीत आला. तू माझ्याकडे बघून म्हणालास, ‘लागला.’ आणि हसलास.

मला दिसलं ते एवढंच: तू खिशात काहीतरी लपवलंस आणि हसलास. मला वाटलं, तूच काहीतरी घालून ठेवलं होतंस. आदल्या दिवशी तू सभागृहात एकटाच गेला होतास, नादकाटा राहिला म्हणून. म्हणजे आपण बिघडवायचं, आपणच दुरुस्त करायचं आणि लोकांनी म्हणायचं, कान तो कान! गोगलगाय आणि पोटात पाय. मी मारलं ते त्यासाठी.

संध्याकाळी पेटी आवरताना पाचरी मोजल्या. नऊ होत्या.

म्हणजे विसरलेला मी होतो. पाचर तारांमधे राहून गेली होती, तिनं ती तार गप्प केली होती. नवशिक्यासुद्धा पहिल्या दिवशी शिकतो, पेटी बंद करण्याआधी पाचरी मोजायच्या. बाबांनी तुला-मला दोघांनाही त्यासाठी फटके दिले होते. आणि ती सगळ्यांना दाखवता आली असती तरी तू ती खिशात टाकलीस.

हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. आता तुला सांगितलं, म्हणजे ज्याला आधीच माहीत होतं त्याला. हे काही शौर्य नव्हे.

पण यानं माझा संशय मिटत नाही, उलट वाढतो. पाचर लपवलीस ते मला वाचवायला, समजा. दुकान सोडलंस तेही मला वाचवायला? आणि आता हे बारा पियानो? एक माणूस एवढं कशासाठी करतो? मी तुला ओळखतो, दादा. तुला राग येतो. बाबांनी माझा पतंग जाळला तेव्हा तू तीन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हतास. मग माझ्या वाट्याचा राग कुठे गेला? तो कुठे ठेवलायस? बारापैकी कुठल्या पियानोत?

तू सांगत नाहीस, तर मी स्वतः येऊन बघतो. कधी ते कळवणार नाही. चोराला तारीख देऊन कुणी जात नाही.

धाकटा


२७ फेब्रुवारी

दादा,

हे तुझ्याच गावाच्या बसस्टँडवर बसून लिहितोय. परतीची बस सव्वा तासानं आहे. कागद मांडीवर धरलाय, अक्षर लागत नसेल तर वहिनीकडून वाचून घे.

सकाळी आधी शाळेत गेलो. मला खात्री होती, पियानो भंगार असणार. वाळवी, गंजलेल्या तारा, सैल खुंट्या. माझं नाक कापायचा बेत असणार. बाराच्या बारा उघडून बघितले. चांगले आहेत. तू लिहिलं होतंस तसेच. सभागृहातल्या मोठ्याची एक पट्टी दाबली तर माझ्याच अंगावर काटा आला.

शाळेचे व्यवस्थापक म्हणाले, ‘तुमचे बंधू दोन वर्षांपूर्वी आले होते. आम्ही त्यांनाच विचारलं होतं. एक पियानो लावायला बसले, तासभर खटपट केली आणि मधेच उठले. म्हणाले, मला आता जमत नाही. धाकटा माझ्यापेक्षा चांगला लावतो, त्याला बोलवा. आमच्याकडे तेव्हा दुसरा माणूस होता, तो आता गेला.’

मी मनात म्हटलं, नाटक. धाकटा चांगला लावतो म्हणे! तिथून तडक तुझ्या कारखान्यावर आलो, तुला रंगेहाथ पकडायला. कशात पकडणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली होती. मशीन बंद होतं, तुझ्या उजव्या हाताला भुसा ओढणारा पंखा तेवढा घरघरत होता. तू खिडकीपाशी एक चौकट घासत उभा होतास, तुझी डावी बाजू माझ्याकडे. तीन हातांवर येऊन मी हाक मारली, ‘दादा.’ तू घासत राहिलास. परत मारली, जरा मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा, चांगली मोठ्यानं. कोपऱ्यात डबा खाणारे दोघं वळून बघायला लागले, तू नाही. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मुद्दाम ऐकत नाहीयेस. चार वर्षांचा राग आज बाहेर आला, बरं झालं. मला जवळजवळ आनंद झाला.

तेवढ्यात पलीकडच्या दारानं वहिनी आली. तिनं तुझ्या उजव्या खांद्याला हात लावला, मग समोर येऊन काहीतरी म्हणाली. तुला ते कळलं नाही. तू सावकाश मान वळवलीस आणि उजवी बाजू तिच्यापुढे केलीस.

ती मान मी ओळखतो. तेवढाच कोन, तेवढीच सावकाश. चार वर्षं मी ती रोज बघितली आहे, दाढी करताना, जेवताना. तू तिच्यापुढे गाल केला नव्हतास, दादा. कान केला होतास.

मी पळालो. वहिनीनं मला बघितलं होतं. फाटकापाशी तिनं गाठलं, हातात डबा तसाच.

‘त्यांना त्या बाजूनं ऐकू येत नाही, भाऊजी.’

मी विचारलं, ‘कधीपासून?’

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी परत जन्माला आलो तरी ते विसरणार नाही. म्हणाली, ‘हे तुम्ही मला विचारताय?’

मग तिनं सांगितलं. डाव्या कानाचा पडदा फाटला. भरून आला, पण धड नाही. आत एक बारीक शिट्टी वाजते, थांबत नाही, आणि शांत खोलीत जास्तच वाजते. पियानोसमोर बसलं की तारेचा आवाज कुठला आणि कानातला कुठला हे कळेनासं होतं. म्हणून दुकान सोडलं. म्हणून करवत. ती चालू असते तेवढा वेळ शिट्टी ऐकू येत नाही.

‘मला का नाही सांगितलं कुणी?’

‘मी सांगणार होते. पहिल्याच आठवड्यात. मला तर वाटत होतं, तुम्हाला कळावं, उठता-बसता कळावं. त्यांनी मला अडवलं. म्हणाले, हे त्याला कळवणं म्हणजे उलट मारणंच. आणि माझा फटका त्याच्यापेक्षा जोरात बसेल.’

मी फाटकाला टेकलो.

‘एक लक्षात ठेवा,’ वहिनी म्हणाली, ‘माफ त्यांनी केलंय. मी नाही. मला जमलेलं नाही. मी फक्त गप्प राहिले, तेही त्यांच्यासाठी. आणि आज तुम्हाला सांगितलं, हे मी घरी गेल्यावर त्यांना सांगणार. लपवाछपवी मला आता झेपत नाही.’ मग जायला वळली, थांबली आणि तोंड वाकडं करून विचारलं, ‘जेवलात का काही?’

मी नाही म्हटलं. तिनं फाटकाच्या कट्ट्यावर डबा ठेवला, निम्मं झाकणात काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं. ती माझ्याकडे न बघता उभी राहिली. निखारे म्हणतात ते हेच असणार. डब्यातलं मात्र सगळं गार झालं होतं.

तुझ्याकडे आत यायला माझा पाय उचलला नाही. इतके दिवस तुझी लबाडी शोधत होतो ना, सापडली. नख गळून पडेपर्यंत ‘नाही लागलं’ म्हणणारा तो तूच. पण या वेळी मी पुरता हरलो. पाळकांचं अख्खं प्रवचन एका फुटलेल्या कानावर उभं होतं आणि त्याखाली मी चार वर्षं तुझा द्वेष करत बसलो होतो.

बस लागली. हे इथल्याच पेटीत टाकतो.

मी


६ मार्च

तीर्थरूप दादा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. हिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मला दुसऱ्या ओळीपुढे जाता येईना. ती वाचत असतानाच मी तिला पाचरीचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘एवढ्यासाठी चार वर्षं तोंड फुगवून बसला होतात?’ आणि पुढे वाचायला लागली.

तू लिहितोस, वहिनीवर तू रागावलास आणि मग तिनं तुला दोन दिवस ऐकवलं, तेही उजव्या बाजूनं. ते वाचून मी हसलो. तू लिहितोस, दहा पाचरी पाठवल्या कारण संच दहाचा असतो. त्यावर मी हसलो नाही, लाजलो.

आणि मग ते. तुझेच शब्द इथे उतरवतो, पहिल्या पत्रात तुझं म्हणणं उतरवलं होतं तसे. तेव्हा तुला पकडायला उतरवलं होतं. ‘बारक्या, पाळकांचा दाखला खोटा आहे हे मी त्यांना सांगायला हवं होतं. लाज वाटली. गाल पुढे करण्याइतका चांगला मी त्या दिवशी नव्हतो. माझाही हात वर यायला लागला होता. पण मारल्यावर तुझे ओठ हललेले दिसले. मला नुसती शिट्टी ऐकू येत होती. म्हटलं, उलट मारण्याआधी हा काय म्हणतोय ते तरी ऐकावं. म्हणून कान पुढे केला. तू पांढरा पडलास आणि निघून गेलास. चार वर्षं विचारायचं राहिलंय. काय होते ते दोन शब्द? शिवी असली तरी चालेल.’

आधी बाकीचं सांगतो, मग तेवढंच. शाळेला होकार कळवला. सोमवारी येतो. एक अट आहे आणि ती मी शाळेला घातलेली नाही, तुला घालतोय. खुंटी मी पिळीन. पट्टी तू दाबायचीस, उजवा कान पियानोकडे करून. दीड कान आहे, पुरे. जो आहे त्यानं सांगायचं, लागला की नाही लागला. वहिनीला सांग, तिनं मला माफ करायची घाई करू नये. मी डबा घेऊन येईन.

पाळकांना मी काल सांगून आलो, पुढच्या दारानं. त्यांना खरं कळल्यावर त्यांनी बायबल उघडून ती दुसऱ्या गालाची ओळ काढली. मग म्हणाले, ‘म्हणजे मी चुकीच्या जागी बोट ठेवलं होतं.’ रविवारी ते सगळ्यांसमोर दुरुस्त करतो म्हणाले. मी म्हटलं, नको, मी करतो. रविवारी मी उभा राहणार आहे. पाचरीपासून सगळं सांगणार आहे.

आता तुझा प्रश्न.

शिवी नव्हती, दादा. हात तुझ्या गालावर बसला आणि त्याच क्षणी मी नऊ वर्षांचा झालो. झाकण माझ्या हातून सुटलं होतं आणि तुझ्या पायावर पडलं होतं. माझ्या तोंडून आपोआप तेच निघालं, जे आयुष्यभर निघत आलंय. मी विचारलं होतं, ‘लागलं का?’

तू मान वळवलीस. मला वाटलं, तू म्हणतोयस, हो, आता इथेही मार. आणि मी निघून गेलो.

तर आता नीट ऐक, उजव्या कानानं. मी परत विचारतोय, सोमवारी समोर बसूनही विचारणार आहे, आणि उत्तर घेतल्याशिवाय एकाही तारेला हात लावणार नाही. दादा, लागलं का?

आणि ‘नाही’ म्हणू नकोस.

तुझा
बारक्या